वराडचा नातू आपला, मग शिव्या कुणाच्या?

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व काका-काकू, दादा-ताई यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र मी खुलं लिहितेय, कारण बंद पाकिटातलं एक पत्र गेल्या वर्षी दिलं होतं आणि त्याचं उत्तर आलं नाही. मंडळाचं नाव मुद्दाम घालत नाही. बारा वर्षं मी सभासद आहे, गणपतीत मोदक वळायला पहिल्यापासून असते, आणि मला मंडळाची बदनामी करायची नाही. परदेशात आपल्या माणसांना एकत्र बसायला एक जागा लागते, ती जागा तुम्ही उभी केलीत. तिचा मला आधार वाटतो, म्हणूनच तिच्याकडून अपेक्षाही आहे.

2024 च्या मे महिन्यातली, इथल्या स्थानिक निवडणुकीआधीची एक संध्याकाळ. आमच्या घराजवळच्या राउंडअबाउटवर दिव्याच्या खांबाला पाच उमेदवारांचे फलक एकाखाली एक बांधलेले होते. डब्लिनमध्ये निवडणूक आली की खांब न् खांब या पन्हळी प्लॅस्टिकच्या फलकांनी भरून जातो, हे तुम्हाला माहीतच आहे. पाचातले चार फलक जसेच्या तसे होते. पाचवा सिस्टरचा. त्यांना आपण सगळे सिस्टरच म्हणतो. मूळच्या केरळच्या, इथल्या रुग्णालयात अठरा वर्षं नर्स आणि आपल्या दिवाळीत दर वर्षी येणाऱ्या. त्यांच्याच सांगण्यावरून नाव लिहीत नाही. फलकावरच्या त्यांच्या फोटोत दोन्ही डोळ्यांच्या जागी सिगारेटने जाळून भोकं पाडली होती. प्लॅस्टिक वितळून कडेने काळं, घट्ट झालं होतं. कपाळावर मार्करने एक शब्द लिहिला होता. तो मी इथे लिहिणार नाही.

सिस्टरनी गाडीच्या डिकीतून स्टूल काढलं, वर चढल्या, कटरने केबल टाय तोडले आणि नवा फलक लावला. डिकीत नेहमी तीन-चार जादा फलक असायचे. प्रचाराच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना ही सवय लागली होती. माझी लेक तेव्हा अकरा वर्षांची. ती खाली उभी राहून एकेक टाय वर देत होती. मी फोटो काढायला फोन उचलला तर सिस्टर म्हणाल्या, "नको. हा फोटो पसरला की लोक मला यानेच ओळखतील. मी गटारांबद्दल आणि बसबद्दल काय बोलते ते कुणी ऐकणार नाही."

त्या रात्री मी कार्यकारिणीतल्या एका दादांना फोन केला. मंडळाने दोन ओळींचं निवेदन काढावं, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं, "आपलं मंडळ राजकारणात पडत नाही."

दादा, या उत्तराने मी दुखावले. ते खरं नाही, म्हणून जास्त दुखावले.

14 जून 2017 आठवा. लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले, इथल्या भाषेत टीशक झाले, वयाच्या 38 व्या वर्षी. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी किती मेसेज आले होते! मालवण तालुक्यातल्या वराड गावाचा नकाशा फिरला, पेढ्यांचे फोटो फिरले. कणकवलीहून माझ्या आईचा फोन आला, "आपल्या वराडचो झील थंय पंतप्रधान झालो गो!" मी रडले होते, खोटं का सांगू? 2019 च्या डिसेंबरमध्ये ते कुटुंबासह वराडला गेले, गावाने त्यांचं स्वागत केलं, तेव्हाही आपण तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर दाखवला. तेव्हा कुणी म्हणालं नाही की आपण राजकारणात पडत नाही. इथल्या मंत्र्यांना आपण शाल-श्रीफळ देतो, नगरसेवकांना गणपतीच्या आरतीला पुढे उभं करतो, तेव्हाही म्हणत नाही.

राजकारण्याचा मान आपला, अपमान मात्र त्याचा एकट्याचा, हे मला पटत नाही. या पत्रात मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्याच्या अनुषंगाने.

वराडकरांचे वडील अशोक हे मुंबईचे डॉक्टर, आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातल्या डनगारव्हनची नर्स. दोघं इंग्लंडमध्ये भेटले आणि 1973 मध्ये डब्लिनला स्थायिक झाले. लिओचा जन्म 1979 चा, डब्लिनचा. शाळा इथली, वैद्यकीय शिक्षण इथलं, गेलिक भाषा तो मोठेपणी मेहनतीने शिकला. 2015 च्या जानेवारीत, आपल्या 36 व्या वाढदिवशी, रेडिओवर त्याने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. त्याच मुलाखतीत त्याने हेही सांगितलं की मी अर्धा भारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही आणि समलिंगी राजकारणीही नाही. या गोष्टी माझा भाग आहेत, पण माझी ओळख तेवढीच नाही. मंत्रिपदावरच्या माणसाने हे इतक्या साधेपणाने म्हणावं, याचं मला फार कौतुक वाटलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या जनतेने सुमारे 62 टक्के मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली.

आणि तरीही दोन वर्षांनी तो पंतप्रधान झाला तेव्हा जगभरच्या मथळ्यांत काय होतं? भारतीय वडिलांचा मुलगा, समलिंगी. आपल्या ग्रुपवर तर फक्त पहिला अर्धाच भाग आला, दुसरा आपण गाळला. तेही आठवा. एखाद्या माणसाचा वारसा आपण मिरवतो तेव्हा त्याच्यातलं आपल्याला सोयीचं तेवढंच उचलतो. त्याच्यावर चिखलफेक करणारेही तेच करतात, फक्त ते दुसरं टोक धरतात. त्याच्या पोस्टखाली "भारतात परत जा" असं मी स्वतः कितीदा वाचलंय. डब्लिनमध्ये जन्मलेल्या, दोनदा देशाचं नेतृत्व केलेल्या माणसाला! परत कुठे जायचं त्याने? ज्या गावी तो वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा पोचला, तिथे?

ही गोष्ट फक्त आपल्या लोकांची नाही. आयरिश लोकही हेच करतात. ऑफली परगण्यात मनीगॉल नावाचं छोटं गाव आहे. बराक ओबामांच्या आईकडच्या एका पूर्वजाने, फाल्मथ कर्नीने, 1850 मध्ये तिथून अमेरिकेची वाट धरली होती. 23 मे 2011 रोजी ओबामा त्या गावात आले. सगळं गाव रस्त्यावर होतं. आज तिथे हमरस्त्यालगत त्यांच्या नावाचा थांबा आहे, पेट्रोल भरायला आपण सगळे तिथे कधी ना कधी थांबलोय. पण तारीख बघा. त्याच्या महिनाभर आधी, 27 एप्रिलला, त्याच माणसाला अमेरिकेत आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला होता, कारण तो अमेरिकेत जन्मलाच नाही असा धोशा काही लोकांनी वर्षानुवर्षं लावला होता. एकाच वसंतात एका देशात त्याची मुळं शोधून हार घातले गेले आणि दुसऱ्या देशात त्याच मुळांवरून त्याच्याकडे पुरावा मागितला गेला.

मूळ शोधणाऱ्यांनी पुरावा मागणाऱ्यांकडे बघून गप्प बसू नये, असं मला वाटतं.

आता सिस्टरच्या प्रचाराकडे परत येते, कारण तिथे मी जे पाहिलं ते फलकापेक्षा जास्त दिवस डोक्यात राहिलं.

आम्ही दारोदार जायचो. बहुतेक दारं चांगली होती, हे आधी सांगते. एका आजोबांनी पावसातून आलेल्या आम्हाला आत बोलावून टॉवेल दिला. शिव्या देऊन दार आपटणारे थोडेच. जास्त होती ती मधली दारं. "कुठल्या तुम्ही?" "ब्लँचर्ड्सटाउन." "नाही, खरं म्हणजे कुठल्या?" सिस्टर हसून केरळ सांगायच्या. मग बाई म्हणायच्या, "हो का, माझ्या आईला रुग्णालयात तुमच्याच एका मुलीने सांभाळलं, देवमाणूस. तुम्ही लोक कामाला फार चांगल्या." आणि मग, अगदी प्रेमाने, "पण कौन्सिलवर इथलंच कुणीतरी बरं, नाही का?"

त्या बाईंच्या मनात विष नव्हतं. आईचं डायपर बदलायला सिस्टर चालतात, तिच्या गल्लीतल्या दिव्यांचा ठराव मांडायला चालत नाहीत, यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

मतमोजणीच्या दिवशी मी कठड्यामागे पेन्सिल आणि वही घेऊन उभी होते. इथे मतपत्रिका उलगडताना पक्षांची माणसं कठड्याबाहेरून पाहून टिपणं करतात, तसं. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, पसंतीक्रम आकड्यांनी द्यायचा, 1, 2, 3. सिस्टरच्या पक्षाचे आमच्या भागात तीन उमेदवार होते. मतपत्रिकेमागून मतपत्रिका मी बघत होते. पक्षाच्या एका उमेदवारापुढे 1, दुसऱ्यापुढे 2, आणि 3 चा आकडा मात्र सिस्टरना ओलांडून दुसऱ्याच पक्षाकडे गेलेला. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. सगळ्या तशा नव्हत्या, पण मी मोजायचं थांबवलं इतक्या होत्या. त्या कागदांवर शिवी नव्हती, जळलेलं भोक नव्हतं. एक रिकामा चौकोन होता. तो कुणी का रिकामा सोडला हे कुठल्याही न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. सिस्टर आठव्या फेरीत बाद झाल्या. घरी येताना गाडीत म्हणाल्या, "फलक जाळणाऱ्याला निदान मी दिसले तरी होते."

आता मला मंडळाच्या दुसऱ्या एका मेसेजबद्दल बोलायचंय. तुम्हाला तो आवडला होता, म्हणून जपून बोलते.

2025 च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीय माणसावर टोळक्याने हल्ला केला, त्याला रक्तबंबाळ केलं, अंगावरचे कपडे ओढले. ऑगस्टमध्ये वॉटरफर्डला सहा वर्षांच्या मुलीला घराबाहेर खेळताना मारलं. त्या दिवसांत आपल्यातल्या कितीजणांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. फीनिक्स पार्कचा इंडिया डेचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तेव्हा राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी स्पष्ट शब्दांत निषेध केला आणि आपल्या मंडळानेही अखेर निवेदन काढलं. त्यात होतं: आम्ही डॉक्टर आहोत, नर्स आहोत, इंजिनिअर आहोत, आम्ही कर भरतो, आम्ही सरकारी भत्त्यांवर जगत नाही, आम्ही आश्रय मागायला आलेलो नाही.

दादा, काकू, हे शेवटचं वाक्य मला झोपू देत नाही.

आपण कामाचे आहोत म्हणून आपल्याला मारू नका, असं म्हणताना जो कामाचा नाही त्याला मारलं तर चालेल, असं आपण बोलून जातो. रात्रपाळीला ज्या सुदानी मुलासोबत मी प्रयोगशाळेत नमुने लावते, तो आश्रय मागूनच आला होता. त्याने ते निवेदन वाचलं. मला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चहाला मात्र आला नाही.

आणि कामाचं असणं आपल्याला वाचवतं का? वराडकर डॉक्टर होते, मंत्री झाले, पंतप्रधान झाले. त्याहून कामाचा माणूस कोण? दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते, बडोद्याचे दिवाण होते. 1886 मध्ये ते लंडनच्या होबर्नमधून हरले, आणि 1888 मध्ये एडिंबरोच्या भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी म्हणाले की ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही. दादाभाई 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या 5 मतांनी निवडून आले. पदव्या आणि दिवाणगिरी त्या वाक्यापासून त्यांना वाचवू शकल्या नाहीत. त्यांच्या कामी आली ती सोबत. आयरिश नेते मायकेल डेव्हिट यांनी तर दादाभाईंना आयर्लंडमधला एखादा मतदारसंघ द्यावा असं सुचवलं होतं. दुष्काळाने आणि जमीनदारांनी पिळलेल्या या देशातल्या एका माणसाला मुंबईच्या पारशी म्हाताऱ्याची लढाई आपली वाटली. ते दोघं एकमेकांना कुठे कामाचे होते?

वराडकरांबद्दलही मला खरं बोलायचंय, आंधळं कौतुक नको. 2008 च्या मंदीत, विरोधी पक्षात असताना, नोकरी गेलेल्या परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकदम देऊन मायदेशी पाठवता येईल का, असा मुद्दा त्यांनी मांडला होता. एका स्थलांतरिताच्या मुलाने! त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. म्हणून मी म्हणते की आडनाव बघून कुणाच्या मागे उभं राहू नका. त्यांच्या धोरणावर कडाडून टीका करा, त्यांना मत देऊ नका. पण कुणी त्यांना भारतात जा म्हणालं तर त्या माणसाला अडवा. ते तेव्हा आपले आहेत म्हणून नाही. अडवलं नाही तर पुढचं दार सिस्टरचं असतं, त्याच्या पुढचं त्या सुदानी मुलाचं.

आणखी एक तारीख सांगते, कारण ती आपल्यातल्या तरुण आई-बाबांना माहीत नसते. 11 जून 2004. त्या दिवशी वराडकर फिंगल काउंटी कौन्सिलवर भरघोस मतांनी निवडून आले. आणि त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, सुमारे 79 टक्के लोकांनी घटनादुरुस्तीला हो म्हटलं आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाला आपोआप मिळणारा नागरिकत्वाचा हक्क संपला. आता आई-बाबांपैकी एकाचं इथलं ठरावीक काळाचं वास्तव्य दाखवावं लागतं. माझ्या लेकीसाठी मी 2013 मध्ये ते कागद गोळा केले, पासपोर्टवरचे शिक्के एकेक करून दाखवले. एकाच पेटीतून दोन निकाल निघाले होते. गव्हाळ रंगाच्या आयरिश तरुणाला लोकांनी आपलं म्हटलं आणि जी बाळं अजून जन्मलीही नव्हती त्यांना म्हटलं, आधी कागद दाखवा. इथला समाज असा दोन्ही आहे. टॉवेल देणारे आजोबाही तोच, रिकामा चौकोनही तोच. म्हणूनच हात झटकून बसण्यात अर्थ नाही. इथे बदलतं. 1992 मध्ये क्लेअर परगण्याने मूसाजी भामजी या दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या डॉक्टरला संसदेत पाठवलं होतं. 2007 मध्ये पोर्टलीशला रोटिमी अदेबारी हे नायजेरियातून आश्रय मागून आलेले गृहस्थ महापौर झाले. आश्रय मागून आलेले, हे कृपया लक्षात घ्या.

हेझल चू 2020 मध्ये डब्लिनच्या महापौर झाल्या. जन्म डब्लिनचा, आई-वडील हाँगकाँगचे. वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल त्यांनी गप्प बसायचं नाकारलं, येणारे मेसेज लोकांसमोर ठेवले. मला त्या काळात वाटायचं की या बाईंच्या जागी आपली कुणी असती तर तिला आपणच म्हणालो असतो, "कशाला वाढवतेस? दुर्लक्ष कर." कारण आपण ते खरंच म्हणालो. सिस्टरना दोन काकूंनी हेच सांगितलं, मायेनेच सांगितलं. गार्डा स्टेशनवर, म्हणजे इथल्या पोलीस ठाण्यात, तक्रार द्यायला त्या एकट्या गेल्या.

तर माझं मागणं असं आहे. पुढच्या वेळी असं कुणाशीही झालं तर मंडळाचा एक माणूस सोबत गार्डा स्टेशनवर जावा, नुसता शेजारच्या खुर्चीत बसला तरी चालेल. द्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जास्त शिक्षा देणारा कायदा 31 डिसेंबर 2024 पासून लागू आहे, पण तक्रारच नोंदवली नाही तर कायदा काय करणार? दिवाळीच्या कार्यक्रमात तिकिटांच्या टेबलाशेजारी मतदार नोंदणीचं एक टेबल ठेवा. स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागत नाही, इथे राहणं पुरतं. आपल्यातल्या निम्म्यांना हे ठाऊक नाही, मलाही चार वर्षं नव्हतं. त्या रिकाम्या चौकोनांचं उत्तर तिथेच आहे. आणि ते निवेदन दुरुस्त करा. "आम्ही आश्रय मागायला आलेलो नाही" हे वाक्य काढा आणि दुरुस्ती केल्याचं ग्रुपवर सांगा. मी त्या मुलाला ती दाखवणार आहे.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा अशी लेखी विनंती मी सचिवांकडे वेगळी दिलीय. सिस्टरना निमंत्रण द्यावं, प्रेक्षकांत नाही, पुढे. त्या येतील का हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. आधी तुमचं उत्तर हवंय.

तो जळलेला फलक आमच्या गॅरेजमध्ये आहे. सिस्टर फेकायला निघाल्या होत्या, माझ्या लेकीने मागून घेतला आणि जुन्या चादरीत गुंडाळून सायकलीमागे ठेवला. सभेला मी तो घेऊन येईन. सिस्टरनी हो म्हटलं तरच चादर काढीन. तो ठेवायला एक टेबल लागेल, भिंतीला टेकवण्यापुरतं. तेवढी सोय करावी.

आपली,
मंडळाची एक सभासद, डब्लिन 15